पोरांची सभा आधी घ्या



2022 साली दोन गावांचे निर्णय गाजले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने रोज संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरवले. कापसाच्या यवतमाळ जिल्ह्यात बान्सीने 18 वर्षांखालच्यांना मोबाईलबंदी केली. हेतू चांगला, कबूल. पण निर्णय ज्यांच्यावर, त्यांना ग्रामसभेत मतच नाही. मतदारयादीत नाव असेल तोच सभासद. पोर आले तर मागे बसायचे, बोलले तर आगाऊ.

मत 18 नंतरच द्या. म्हणणे तरी ऐका! 11 डिसेंबर 1992 ला भारताने बालहक्कांचा जागतिक करार स्वीकारला. त्याचे 12 वे कलम हेच सांगते. वाटही आपल्याच कायद्यात आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेतलीच पाहिजे, असा महाराष्ट्राचा कायदा आहे. (ती कागदावर किती होते आणि खरी किती, ते मायबहिणींनीच सांगावे.) तशीच पोरांची सभा घ्यायला कोण अडवतो?

आपणच अडवतो. मी शेतकीची पदवी घेतलेला माणूस, जमिनीतली ओल मोजायला शिकलो. पण शाळेआधी हापशावर किती वेळ जातो, हे पाणी भरणाऱ्या पोरीलाच ठाऊक. उद्या ती उभी राहून विचारेल, कापूस वेचणीला माझीच शाळा का बुडवता, भावाची का नाही? फवारणीचे पाणी माझ्याकडून का आणवता? या प्रश्नांची आपल्याला भीती आहे. कापसाला, ज्वारीला भाव नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून पोर रानात जाते. हे उत्तर खरेच आहे. मग ते तिच्या तोंडावर द्या, इतिवृत्तात लिहून द्या. सरकार आपले ऐकत नाही म्हणून आपण रस्त्यावर बसतो. तिने कुठे बसायचे?

ठरावाने काय होते, असे विचारू नका. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही त्याच वाटेने जायला सांगितले.

येत्या ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा तिच्याखाली दुसरी लावा: आदल्या दिवशी शाळेत पोरांची सभा. सरपंचाने तिथे फक्त ऐकायचे. पोरांचे म्हणणे मोठ्यांच्या सभेत वाचायचे, आणि नामंजूर केले तर कारण लिहायचे.