मागे काय ठेवाल?

तिकोणा पेठेतून गडावर गेलात तर खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. १६६५ साली पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा गडही होता. धनी बदलले, टाकी मात्र दर पावसाळ्यात भरत राहिली. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे मागे उरली नाहीत, पाणी उरले.

आपण मुलांसाठी सातबारा ठेवतो. वाटण्या होत होत तो गुंठ्यांवर येतो आणि बांधावरून भावाभावांत बोलणे तुटते. (मृत्युपत्र कराच, ते वेगळे.) पण त्याच बांधावर यंदा आगोटीला एक रायवळ कोय लावा. फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतील. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते आजच घरात ठरवा.