'जाणे'ची व्युत्पत्ती आणि भूमीवरचा दावा

सीमाभागातील मराठी ही भेसळीची बोली, तिच्या मुळाशी कन्नड, म्हणून या भूमीवर मराठीचा हक्क नाही, हा युक्तिवाद आम्हांस वारंवार ऐकवला जातो. पुराव्यादाखल अक्का, अण्णा, अडकित्ता ही नामे पुढे केली जातात. ती कन्नडकडून आली, हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो. आमची हरकत आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला.

पक्षपाताचा संशय नको म्हणून प्रथम परक्या अंगणातील दाखला घेऊ. इटालियन भाषेत 'जाणे' या अर्थी 'आंदारे' हे क्रियापद आहे. 'मी जातो' म्हणजे 'वादो', पण 'आम्ही जातो' म्हणजे 'आंदियामो'. 'वादो' लॅटिन 'वादेरे'पासून आले, याविषयी वाद नाही. 'आंदारे' कोठून आले यावर मात्र विद्वान अद्याप भांडत आहेत. कोणी 'आंबुलारे' हे मूळ मानतो, कोणी 'आंबितारे'. एका क्रियापदाच्या घरात दोन कुळे नांदतात आणि त्यांतील एकाची वंशावळ वादग्रस्त आहे. एवढ्यावरून इटालियनांचा रोमवरील हक्क कोणी नाकारलेला नाही.

आता आपले 'जाणे' पाहा. 'जातो' हे संस्कृत 'या' धातूचे, प्राकृत 'जाइ'च्या वाटेने आलेले रूप. 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'पासून, त्याला प्राकृत 'इल्ल' प्रत्यय लागून झालेले. कागलचा माणूस दूधगंगेच्या पुलावरून कोगनोळीस रोज जातो, कालही गेला, एवढे सांगताना आपण दोन धातू खर्ची घालतो. भेसळ हुडकणाऱ्यांनी 'या'तून 'गेला' काढून दाखवावा.

शुद्धतेचा हिशेबच मांडायचा तर तो दोन्ही वह्यांत मांडावा. जिल्हा, तालुका, वकील, कायदा हे शब्द मराठीत आहेत तसेच कन्नडमध्येही आहेत, आणि सारे मूळचे अरबी. व्युत्पत्ती हेच खरेदीखत ठरले, तर बेळगावचा ताबा अरबस्तानाकडे द्यावा लागेल! (त्यासोबत आमचा व्यवसायही जाईल, ते असो.)

आंध्र आणि मद्रास यांची सीमा पाटसकर सूत्राने ठरली आणि १९५९ च्या कायद्याने ती बदलली. त्या सूत्रात खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत एवढेच पाहिले गेले. महाराष्ट्राची मागणी याच निकषांवर उभी आहे. बहुमत मोजायचे ते आज बोलणाऱ्यांचे. त्यांच्या शब्दांच्या पणजोबांचे नव्हे. ज्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, त्यानेदेखील निपाणी महाराष्ट्रास द्यावी अशीच शिफारस केली होती.