अडतीस अंशांना हसू नका



गेल्या चैत्रात एका जुन्या वर्गमित्राकडे खारदांड्याला दोन दिवस मुक्काम होता. मुंबईत खारच्या पश्चिमेला, समुद्राला लागून हा कोळीवाडा आहे. भोवती इमारतींची गर्दी झाली, तरी इथली मासेमारी अजून चालू आहे. सकाळी सातला किनाऱ्यावर गेलो, तर बायकांचे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालून झालेही होते. एका मावशींना विचारले, "दुपारी इथे कोण असते?" त्या म्हणाल्या, "कोणी नाही. वाळायचं ते बोंबलांनी, आम्ही कशाला वाळू?"

हे उत्तर ऐकले आणि आपल्याकडच्या लोकांची आठवण झाली. जळगाव-अकोल्याकडचा माणूस चव्वेचाळीस अंशांत वावरतो आणि मुंबईच्या सदतीस-अडतीसला हसतो. मीही हसत असे. पण हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर ३७ पासूनच. दोन्हीकडे तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेले असावे लागते. हा तीन अंशांचा फरक उगाच ठेवलेला नाही.

घरातल्या माठाकडे पाहा. वैशाखात त्यातले पाणी गार होते आणि श्रावणात होत नाही. माठ तोच, पाणी तेच. पावसाळ्यात हवा ओली असल्यामुळे बाहेर पाझरलेले पाणी उडून जात नाही एवढेच. आपले शरीरही माठच आहे. घाम येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग निवते. दमट हवेत घाम नुसता ओघळतो आणि आतली उष्णता आतच राहते.

खारदांड्याजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. समुद्रावरचा वारा उशिरा सुटला आणि जमिनीकडचा तापलेला वारा दुपारपर्यंत वाहत राहिला, की मुंबईत असे दिवस येतात. पण माणसे दगावायला बेचाळीस अंश लागतातच असे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे तासन् तास उन्हात बसली होती. तापमान अडतीसच्या आसपास होते. त्यात चौदा जणांचा जीव गेला.

"साहेब, आमच्याकडे कुठला समुद्र?" असे म्हणू नका. पाणी दिलेल्या उभ्या उसाच्या सरीत दुपारी शिरून बघा. वारा नाही, खालून वाफ. पॉलिहाऊसमध्ये तेच, पत्र्याच्या बंद गोठ्यात तेच.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीला लागून तीनेक वर्षे झाली होती. एप्रिलात शिवारफेरी ठेवली आणि वेळ मीच ठरवली, दुपारी बाराची. त्या शेतावर एक तरणा गडी त्याच दिवशी नव्याने कामाला आला होता. फेरी संपत आली तेव्हा तो असंबद्ध बोलू लागला आणि कोसळला. आम्ही शहाण्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला आणि तोंडात पाणी ओतले. त्याला ठसका लागला, श्वास कोंडला. तेवढ्यात शेतमालकाची म्हातारी आई धावत आली, आम्हाला बाजूला सारले, घागरभर पाणी त्याच्या अंगावर ओतले आणि सुपाने वारा घालू लागली. गडी वाचला, पण पुढचे दोन उन्हाळे त्याला उन्हात उभे राहवत नव्हते. त्यानंतर मी दहाच्या पुढे फेरी ठेवली नाही.

त्या आजींनी केले तेच बरोबर होते. माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे लागले, की उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नये. कष्टाच्या कामात घाम असतानाही उष्माघात होतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, सगळे अंग भिजवा आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा. १०८ ला फोन करा. पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. तापाची गोळी या तापावर चालत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा, त्याने उष्माघात उतरत नाही.

तो गडी नवीन होता, हेही महत्त्वाचे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम पाचव्या हिश्श्याएवढेच द्यावे आणि रोज तेवढेच वाढवीत न्यावे. मजुरी मात्र कापू नये. ती कापली तर तो ऐकणार नाही.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घ्यावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ घातलेले ताक किंवा पन्हेही चांगले. दारूने मात्र अंगातले पाणी आणखी कमी होते.

भगिनींनो, तुमच्याविषयी एक गोष्ट बोलायची राहून जाते. रानात आडोसा नसतो, म्हणून तुम्ही दिवसभर पाणीच पीत नाही. हे मला माझ्या पत्नीने सांगितले; इतकी वर्षे शेते तुडवून मला दिसले नव्हते. बंधूंनो, चार बांबू आणि दोन जुनी पोती यांत बांधाच्या कडेला आडोसा होतो. कळशी ठेवण्याच्या आधी तो उभा करा.

जनावरांचे थोडक्यात. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला दुपारी दोन-तीन वेळा धुवावी. पण गोठा चहूबाजूंनी मोकळा हवा, नाहीतर त्याच पाण्याची वाफ होऊन माठाची गोष्ट पुन्हा घडते. पत्र्याला वरून चुना मारा. कोंबड्यांना घाम येतच नाही, त्या धापा टाकून निवतात. दुपारी खाद्य बंद ठेवून ते पहाटे आणि संध्याकाळी द्या.

पुढच्या आठवड्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासावी ते पाहू. त्यासाठी शंभर दाणे आणि एक स्वच्छ गोणपाट बाजूला काढून ठेवा.