तार घालू नका!

सुट्टीनंतर हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दरवेळी एकच सीन असतो. महिना-दीड महिना धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या आणि किक मारून घामाघूम झालेले मालक! चोक ओढला की गाडी कशीबशी सुरू होते, चोक बंद केला की मरते. रेस दिली तर पळते, सिग्नलला थांबली की बंद. मग भोवती जमलेले सगळे तज्ज्ञ एकमताने निकाल देतात, "काब्रेटरमध्ये कचरा आलाय."

माझी गाडी म्हणजे बाबांची 1999 सालची स्प्लेंडर. वयाने माझ्यापेक्षा मोठी. गेल्या वर्षी तिचं हेच झालं म्हणून एका मेकॅनिककडे नेली. त्याने दोन्ही जेट काढले, जुन्या क्लच केबलची एक तार सोडवली आणि भोकांत घालून खसाखसा फिरवली. दहा मिनिटांत गाडी सुरू, मी खूष! पण पुढच्या महिन्यात अ‍ॅव्हरेज 60 वरून 45 वर आलं. प्लग काढून बघितला तर काजळीने काळा. परत गेलो तर म्हणतो, "साहेब, आता अख्खा काब्रेटरच बदला. तुम्ही इंजिनीअर ना?"

हे मात्र लागलं. परीक्षेत सोलेक्स कार्बोरेटरची आकृती मी डोळे मिटून काढतो. व्हेंचुरी, बर्नुली, हवा आणि पेट्रोलचं 14.7 ला 1 हे प्रमाण, सगळं पाठ आहे. पण सोलेक्स हा मुख्यतः चारचाकीचा कार्बोरेटर. जो रोज माझ्या पायाशी असतो, तो मी कधी उघडलाच नव्हता. लॅबमध्ये एक कापून, लाल-पिवळा रंग देऊन ठेवलेला आहे, तोसुद्धा काचेच्या कपाटात!

उभ्या गाडीत फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे आधी तेच बुजतं. म्हणून आयडलिंग जातं, पण रेसवर गाडी चालते. जेट असतो पितळेचा, तार पोलादी. तारेने व्यास नुसता 10 टक्के वाढला तर क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं. हे गणित त्या मेकॅनिकने नाही, मी करायला हवं होतं, आणि मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो.

शेवटी स्वतःच उघडला. कॉक बंद करून बाऊल रिकामा केला. अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू काढण्याआधी पूर्ण आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवलं. जेटवर नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचे नवीन आणले. आतल्या वाटांत क्लीनर स्प्रे मारला आणि पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारली. फ्लोट आणि रबरी रिंगा आधीच बाजूला काढल्या होत्या, नाहीतर हवेने फ्लोट वाकतो आणि स्प्रेने रबर फुगतं. एक स्क्रू मात्र मी खराब केला. जपानी घडणीच्या या कार्बोरेटरचे स्क्रू जेआयएस पद्धतीचे असतात, साधा फिलिप्स त्यांत नीट बसत नाही, घसरतो. हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे?

(हे सगळं मोकळ्या हवेत केलं, रूमवर नाही. रेक्टर सरांनी कृपया नोंद घ्यावी. मेसची वाटीही धुऊन परत केली आहे.)

काही जण म्हणतील, एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं, नव्या बाइक्सना फ्युएल इंजेक्शन असतं, आता कार्बोरेटर शिकून काय करायचंय? मान्य. पण इंजेक्शनमध्ये प्रमाण ठरवतो तो बंद डबा, ते बघायला स्कॅनर लागतो. इथे स्क्रू पाव फेरा फिरवला की इंजिनाचा आवाज बदलतो. मिक्स्चर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, लेक्चरला नाही.

म्हणून सरांना विनंती आहे. महिन्यातून एक शनिवार वर्कशॉप उघडा. कॉम्प्रेसर तिथे आहेच, गाड्या आमच्या. तोवर ज्यांची गाडी चोकशिवाय चालत नाही, त्यांनी मला मेससमोर गाठावं. जेआयएस स्क्रूड्रायव्हर आता माझ्याकडे आहे. वाटी आपापली आणा.