लुंबिनीच्या वाटेवर

मुले सोळा-सतरा वर्षांची झाली की आईवडिलांबरोबर प्रवास नको म्हणतात. लुंबिनीचा बेत ठरला तेव्हा आमचा मुलगाही म्हणाला, "आई, तुम्हीच जाऊन या." मग यांनी खर्चाची वही त्याच्या हाती दिली, कागदपत्रे मुलीकडे सोपवली.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आणि १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातील ओळखपत्र चालते. हे मुलीनेच शोधले. गोरखपूरहून बसने सोनौलीची सीमा गाठली. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०. मुलगा हे विसरला आणि रिक्षावाल्याला जास्त पैसे देऊन बसला. आम्ही रागावलो नाही. रात्री त्यानेच ती चूक वहीत लिहिली.

अशोकस्तंभापाशी त्याने आम्हाला लेखाचा अर्थ सांगितला. इथे बुद्धांचा जन्म झाला म्हणून सम्राटाने लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला. इतकी वर्षे आम्ही बोट धरून नेले. त्या दिवशी आम्ही मुलांच्या मागून चाललो.

उद्या ती शिक्षणासाठी घर सोडतील. त्याआधी एक प्रवास त्यांच्यावर सोपवून पाहा. चुकू द्या, आपण जवळ असतानाच!