शेळीचं दूध निर्दोष? मग बोकड कुठे आहेत?


"आमच्या शेळ्या नैसर्गिक पाळलेल्या, बाभळीचा पाला खातात, दूध अगदी निर्दोष!" हे हल्ली फार ऐकते. आमच्या गोठ्यातही दोन संगमनेरी आहेत, म्हणून बोलते. शेळी व्याल्याशिवाय दूध नाही, आणि करडांत साधारण निम्मे नर. ते बाजारात जातात. पुढे त्यांचं काय होतं हे ठाऊक असूनही पैसे आपण मोजून घेतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध सांगितलाय. भुकेलं करडू आचळापासून ओढून बांधणं दुसरं काय? आम्ही एक सड करडांना सोडतो. बांधण्याचा दोष आमच्यावरही आहेच. पण तीन बोकड अजून दावणीला आहेत. सासूबाई चाऱ्याचा हिशेब काढतात. काढू देत.