लेकराची माय

ब्रिटिश गुन्हेमालिका संथ असतात म्हणणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. 2013च्या ‘ब्रॉडचर्च’चा पहिला सीझन आठ भागांचा. एका पोराचा खून, आणि त्यापायी आईबाप, शेजारी, चर्च, स्थानिक पेपर, सगळं गावच तपासाखाली.

आपल्याकडे 2016 साली वाईजवळ पुरलेले मृतदेह सापडले. त्यातली एक बाई 2003पासून बेपत्ता होती. तेरा वर्षं! आमच्या औशात कुणाची म्हैस दोन दिवस दिसली नाही तरी गल्लीभर चौकशी होते. मग बायका नाहीशा होताना गाव काय बोलत होतं? घरच्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले? मालिका इथून सुरू व्हायला हवी होती. झी मराठीची ‘देवमाणूस’ (2020) त्याच प्रकरणावरून सुचलेली. पण वर्षभर कॅमेरा खुन्याच्याच मागे. तो इतका आवडला की मालिकेला पुढचे भागही आले. बायका नुसत्या येत गेल्या, मरत गेल्या.

‘प्रेक्षकांना हेच लागतं’ म्हणे. माझ्या आईला इंग्रजी कळत नाही. तरी ‘ब्रॉडचर्च’ बघताना ती विचारायची, “त्या लेकराची माय जेवली का रे?” ‘देवमाणूस’ तिनं नेमानं बघितली. तेव्हा तिनं असं कुणाबद्दलच विचारलं नाही.